खोडलेल्या शब्दांचा अभ्यास : लेखनाचा विद्यार्थी आणि त्याचे आत्मपरीक्षण

सर्जनशील लेखन शिकविता येते काय, हा प्रश्न मराठीत जुना आहे आणि त्याची उत्तरेही जुनीच आहेत. ना. सी. फडके यांनी 1931 साली 'प्रतिभासाधन' प्रसिद्ध करून ललितलेखनाच्या तंत्राचे पद्धतशीर विवेचन केले. तेव्हापासून एक पक्ष अभ्यासाच्या बाजूने आणि दुसरा उपजत प्रतिभेच्या बाजूने बोलत आला आहे. त्या वादात शिरण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. आपल्याकडील काही विद्यापीठांच्या मराठी अभ्यासक्रमांत सर्जनशील लेखनाला आता स्थान मिळाले आहे. विद्यार्थ्याने कथा, कविता किंवा ललितलेख यांच्या जोडीला स्वतःच्या लेखनप्रक्रियेविषयी एक टिपणही सादर करावे, ही पाश्चात्त्य विद्यापीठांतील रूढीही त्याच्या पाठोपाठ येऊ लागली आहे. या टिपणाचे प्रयोजन काय, त्याने लेखनाच्या विद्यार्थ्याचा विकास खरोखर होतो काय, आणि होत असल्यास तो कोणत्या वाटेने होतो, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारासाठी घेतला आहे.

प्रारंभीच एका शब्दाची फोड करणे इष्ट होईल. 'आत्मपरीक्षण' हा शब्द मराठीत नीतीच्या आणि भक्तीच्या क्षेत्रातून आला आहे. त्यामुळे तो उच्चारताच विद्यार्थ्याच्या मनात कबुलीची वृत्ती जागी होते. आपण कसे कमी पडलो, लिहिताना कोणत्या भावना दाटून आल्या, कोणापुढे कृतज्ञ व्हावे, अशा मजकुराने टिपण भरून जाते. असले टिपण प्रामाणिक असूनही निरुपयोगी असू शकते. कारण येथे परीक्षा करावयाची ती लेखकाची नव्हे, त्याने लिहिताना घेतलेल्या निर्णयांची. कोणता शब्द ठेवला, कोणता खोडला, कथा येथून का सुरू केली, हे सांगणारा कोण, तो किती जाणतो, हे ते निर्णय होत. त्यांतील बहुतेक निर्णय विद्यार्थ्याने घेतलेलेच नसतात. ते त्याच्या हातून, सवयीने, घडून गेलेले असतात. घडून गेलेल्या निर्णयाला घेतलेल्या निर्णयाचे रूप देणे हे टिपणाचे काम होय.

ही कल्पना पश्चिमेकडून आपल्याकडे प्रथमच येत आहे, असे समजण्याचे कारण नाही. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांत होऊन गेलेला राजशेखर हा आपले घराणे महाराष्ट्राशी जोडणारा कवी. त्याने 'काव्यमीमांसे'त कवीच्या दिनचर्येची आखणी करून दिली आहे. पहिला प्रहर विद्यांच्या अभ्यासाला, दुसरा काव्यरचनेला, भोजनोत्तर तिसरा काव्यगोष्ठीला, आणि चौथा प्रहर पूर्वाह्णात रचलेल्या काव्याच्या परीक्षेला. ही परीक्षा एकट्याने करावी किंवा मोजक्या जाणकारांच्या परिषदेत करावी, असे तो सांगतो. त्याचे कारणही तो देतो आणि ते मोठे मार्मिक आहे. रसाच्या आवेशात रचना करीत असताना कवीला विवेचक दृष्टी नसते, म्हणून मागाहून तपासावे. तपासताना करावयाची कामेही त्याने नोंदविली आहेत. अधिक झाले असेल ते टाकणे, उणे असेल ते भरणे, चुकीच्या जागी पडलेले हलविणे आणि विसरलेले आठवून जोडणे. यांपैकी शेवटचे काम आजच्या लेखनवर्गांत फारसे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. त्याकडे पुढे यावयाचे आहे.

आधुनिक शिक्षणशास्त्रातील विचार याला पूरक आहे. जॉन ड्यूई याने 1910 सालच्या आपल्या विचारप्रक्रियेवरील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, खरा विचार अडचणीपाशी सुरू होतो. जेथे काही अडत नाही तेथे मनुष्य सवयीने वागतो. (1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात ड्यूईची व्याख्याने ऐकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात 1950 साली, पुढे 'मिलिंद' या नावाने विख्यात झालेले महाविद्यालय स्थापिले, हा योगायोग आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.) डॉनल्ड शॉन याने 1983 साली वास्तुकार, मानसोपचारक इत्यादी व्यावसायिकांच्या कामाची चिकित्सा करताना, काम चालू असता होणारे चिंतन आणि काम संपल्यावर होणारे चिंतन असा भेद केला. लेखनाच्या दृष्टीने त्याहूनही नेमके संशोधन 1980 सालचे आहे. नॅन्सी सॉमर्स हिने 20 विद्यार्थी-लेखक आणि 20 अनुभवी लेखक यांच्या पुनर्लेखनाची तुलना केली. विद्यार्थ्यांना पुनर्लेखन म्हणजे शब्दबदल वाटत होता. एक शब्द काढून त्याहून बरा शब्द घालणे, पुनरुक्ती टाळणे, एवढेच. अनुभवी लेखक मात्र पुनर्लेखनातून आपल्या मजकुराचा घाट शोधीत होते. सॉमर्सपुढील लेखन निबंधाच्या जातीचे होते, कथा-काव्याचे नव्हते, हे ध्यानात ठेवूनही तिचा निष्कर्ष आपल्या वर्गाला लागू पडतो. विद्यार्थी शब्द बदलतो, आणि आपण लेखन सुधारले असे त्याला वाटते.

परंतु मराठवाड्यातील विद्यार्थी शब्द बदलतो तेव्हा आणखी काही घडत असते. ते स्पष्ट करण्यासाठी एक उदाहरण कल्पून पाहू.

पदव्युत्तर वर्गाला 'क्रांती चौक' हा विषय दिला आहे असे समजू. छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील, हा चौक वर्गातील प्रत्येकाने पाहिलेला आहे. भोकरदन किंवा कन्नड तालुक्यातील एखाद्या खेड्यातून आलेला एक विद्यार्थी लिहावयास बसतो. त्याचा पहिला खर्डा माहितीने ओथंबलेला असतो. 1857 साली येथील छावणीतील घोडदळाच्या शिपायांनी केलेला उठाव, त्यांना झालेले देहदंड, 'काला चबुतरा' हे या जागेचे जुने नाव, शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा आणि 2022 साली तो अधिक उंच चबुतऱ्यावर नव्याने उभा राहणे, जालना रस्त्यावरचा उड्डाणपूल, येथून निघणारे मोर्चे. यांतील एकही विधान खोटे नाही, आणि एकही विधान त्याचे नाही. शेवटच्या परिच्छेदात मात्र चार ओळी अशा येतात, की प्रवेश घेण्याच्या दिवशी त्याची आई त्याच्याबरोबर आली होती, रस्ता ओलांडताना तिने त्याची बाही घट्ट धरली होती, आणि पलीकडे पोहोचल्यावर मागे वळून पाहत ती म्हणाली, "येवढ्या जागंत आपलं सगळं वावर बसंल."

हे वाक्य अंतिम प्रतीत नाही. अंतिम प्रतीत 'माय'च्या जागी 'आई' आहे, 'वावर'च्या जागी 'शेत' आहे, आणि ते वाक्य 'एवढ्या जागेत आपले सगळे शेत मावेल, असे आई म्हणाली' असे झाले आहे. जोडलेल्या टिपणात विद्यार्थ्याने लिहिले आहे की, या लेखनातून शहराच्या इतिहासाची जाणीव झाली, लिहिताना समाधान लाभले, आणि दुसऱ्या खर्ड्यात भाषा सुधारली.

येथे अध्यापकाने एकच प्रश्न विचारावा : कोणता शब्द सुधारला, आणि तो अगोदर बिघडलेला होता असे तुला कशावरून वाटले? हा प्रश्न वरवर व्याकरणाचा दिसतो, पण विद्यार्थी त्यावर थबकतो, आणि ड्यूईने सांगितलेली अडचण नेमकी हीच. 'माय' हा शब्द चुकीचा नाही. ज्ञानेश्वरीपासून तो मराठीत नांदत आहे. 'वावर' हाही चुकीचा नाही. मग ते खोडणारा हात कोणाचा? शाळेत निबंधाच्या वहीवर लाल रेघ ओढणाऱ्या गुरुजींचा, पाठ्यपुस्तकाचा, की शहरात आल्यावर पहिल्या आठवड्यात वर्गात झालेल्या हशाचा? विद्यार्थ्याने शब्द खोडला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एक वाचक उभा होता, आणि तो वाचक त्याच्या आईला ओळखत नव्हता. आपण कोणासाठी लिहितो, हा लेखनशास्त्रातील मोठा प्रश्न त्याच्यापुढे अशा रीतीने एका शब्दाच्या रूपाने येतो.

यामागे या प्रदेशाचा इतिहासही आहे. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. सप्टेंबर 1948 नंतर निजामाची सत्ता गेली, 1956 साली हा प्रदेश हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, आणि 1958 साली मराठवाडा विद्यापीठ उभे राहिले. 1994 पासून त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. शिक्षणात मराठी आली, पण पुस्तकांतून आलेली प्रमाण मराठी घरातल्या मराठीहून निराळी होती. शहराच्या जुन्या मोहल्ल्यांतून, दखनी बोलणाऱ्या घरातून मराठीच्या वर्गात आलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत तर हे अंतर आणखी वाढते. तिच्या वहीत खोडाखोड दिसतच नाही, कारण तिचे खोडणे मनातच, भाषांतराच्या वेळी उरकलेले असते. तिच्या टिपणासाठी प्रश्नही निराळा हवा : हे वाक्य कागदावर येण्यापूर्वी कोणत्या भाषेत होते?

मूळ उदाहरणाकडे वळू. थबकलेल्या विद्यार्थ्याला आता दोन वाटा दिसतात, आणि त्या दोन्ही मराठी वाङ्मयात मळलेल्या आहेत. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (1955) सांगणारा शाळामास्तर प्रमाण मराठीत सांगतो आणि वाडीची माणसे आपल्या बोलीत बोलतात. त्या दोन भाषांमधील अंतर हेच मास्तरचे वाडीतील स्थान होय. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'त (1971) शिंपी कुटुंबातील स्त्री स्वतःच सारी कथा सांगते, म्हणून निवेदनही मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीतच चालते. तेथे प्रमाण मराठीचे एक वाक्य आले असते तरी ते उपरे ठरले असते. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (1978) तिसरीच योजना केली. जगलेला दगडू मारुती पवार आणि लिहिणारा दया पवार यांना त्यांनी समोरासमोर बसविले. लेखकाने स्वतःच्या लेखनाकडे पाहणे हीच तेथे ग्रंथाची रचना झाली आहे. आत्मपरीक्षणाचे टिपण ग्रंथाबाहेर न राहता ग्रंथाच्या पोटात शिरल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीत मला आढळत नाही.

आपल्या विद्यार्थ्याच्या लेखात सांगणारा कोण आहे? बाही धरलेला, नुकताच शहरात आलेला मुलगा, की दोन वर्षांनी एम. ए.च्या वर्गात बसून त्या दिवसाकडे पाहणारा तरुण? पहिला असेल तर तो 'माय'च म्हणेल. दुसरा कदाचित 'आई' म्हणेल, आणि तसे म्हणणे मुळीच गैर नाही, मात्र मग दोन वर्षांत 'माय'ची 'आई' कशी झाली हे लेखाला ठाऊक असले पाहिजे. हे उमगल्यावर घाटाचा प्रश्न आपोआप पुढे येतो. सबंध लेखात चौकाचे मोजमाप करणारी व्यक्ती एकच आहे, आणि ती म्हणजे त्याची आई. इतरत्र केवळ माहिती आहे. तिने चौक वावराने मोजला. तिसऱ्या खर्ड्यात लेख बाहीपासून सुरू होतो. पुतळा येतो तो आईच्या वर गेलेल्या नजरेतून, आणि काळ्या चबुतऱ्याचा इतिहास एका वाक्यापुरता उरतो, कारण तो त्या दिवशी दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हता. राजशेखराने सांगितलेली चारही कामे येथे घडली आहेत. अधिक ते गेले, उणे ते भरले, शेवटचा परिच्छेद प्रारंभी आला. आणि विसरलेले आठवले. किंबहुना, ते विसरलेले नव्हते, दडविलेले होते.

या ठिकाणी अध्यापकाला एक इशारा देणे आवश्यक वाटते. लाजेने खोडलेला शब्द परत आणणे वेगळे, आणि बोलीत लिहिण्याची नवी सक्ती करणे वेगळे. ग्रामीण आणि दलित साहित्याला प्रतिष्ठा मिळाल्यानंतर बोली हीही एक परीक्षेची भाषा होऊ शकते. अध्यापकाला काय आवडते याचा विद्यार्थ्याला चटकन अंदाज येतो. ज्या घरात कोणी 'वावर' म्हणत नाही त्या घरातल्या मुलीच्या लेखात 'वावर' उगवले, तर लाल रेघेचे राज्य गेले नाही, फक्त तिने दिशा बदलली असे समजावे. टिपणाने शब्द ठरवून द्यावयाचा नसतो. ठरविणारा कोण आहे, एवढे उघड करावयाचे असते.

टिपणाविषयी दुसरी शंका अधिक गंभीर आहे. लेखकाने स्वतःच्या लेखनाविषयी केलेली विधाने कितपत विश्वसनीय असतात? वि. स. खांडेकरांनी 'ययाती'सह आपल्या अनेक कादंबऱ्यांना विस्तृत निवेदने जोडली. कल्पनेचे बीज केव्हा पडले, ते कसे वाढले, हे त्यांतून कळते, आणि निर्मितिप्रक्रियेच्या अभ्यासकाला ती मोलाची आहेत. तथापि ती ग्रंथ पूर्ण झाल्यावर लिहिलेली आहेत. पूर्ण झालेल्या वास्तूवरून मागे पाहिले की प्रत्येक वीट योजनेनुसारच बसविली होती असे वाटू लागते. विद्यार्थ्याचे टिपण जर सत्राच्या शेवटी, एका रात्रीत लिहिले जात असेल, तर त्यात हाच दोष शतगुणित होतो, कारण त्याला सुसंगत कहाणी सांगण्याचे गुण मिळणार असतात. म्हणून टिपण खर्ड्याबरोबरच, त्याच दिवशी, समासात लिहिले जावे. ते तुटक असले तरी चालेल. 'येथे अडलो', 'हा शब्द नको वाटतो, कारण सांगता येत नाही', अशा नोंदींचे मोल शेवटच्या चार पानी निवेदनाहून अधिक आहे.

भालचंद्र नेमाडे यांनी याच विद्यापीठात काही काळ अध्यापन केले. लेखकाचा 'लेखकराव' कसा होतो, याविषयीचे त्यांचे विवेचन प्रसिद्ध आहे. स्वतःच्या लेखनाविषयी सतत बोलावयास लावणारी पद्धती वयाच्या बाविसाव्या वर्षीच लेखकराव निर्माण करील काय? हा धोका खरा आहे. एकही कथा धड न लिहिता आपल्या कथनदृष्टीवर तासभर बोलणारे विद्यार्थी लेखनवर्गांत आढळतात. त्यावरचा उपाय टिपण बंद करणे हा नव्हे. टिपणातील प्रत्येक विधान खर्ड्यातील एखाद्या ओळीकडे बोट दाखविते की नाही, हे पाहावे. जे दाखवीत नाही ते लेखकरावाचे समजून बाजूस ठेवावे. हा नियम कडक आहे, पण राबवावयास सोपा आहे.

राजशेखराने सुचविलेल्या मोजक्यांच्या परिषदेचा येथे विसर पडू नये. एकट्याला आपला खोडणारा हात बहुधा दिसत नाही. तो दिसतो तो दुसऱ्या वाचकाच्या प्रश्नाने. या बाबतीत आपल्या शहराजवळ स्वतःचा अनुभव आहे. मिलिंद परिसरात म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे आदींच्या पुढाकाराने जे वाङ्मयीन वातावरण निर्माण झाले, त्यातून 1960 नंतरच्या दशकात 'अस्मितादर्श' हे नियतकालिक उभे राहिले आणि पानतावण्यांनी ते 2018 साली आपल्या निधनापर्यंत चालविले. त्याच्या लेखक-वाचक मेळाव्यांचे नावच बोलके आहे. तेथे नव्याने लिहिणारा मनुष्य अशा वाचकांपुढे उभा राहत होता, की ज्यांना त्याच्या घरातले शब्द समजावून सांगावे लागत नव्हते. वाचक बदलला की खोडण्याचे कारणच नाहीसे होते. कोणत्याही अभ्यासपत्रिकेत 'आत्मपरीक्षण' हा घटक नसताना एका पिढीने आपली भाषा तपासली, ती या परिषदेच्या बळावर. विद्यापीठीय लेखनवर्गाला त्या चळवळीचा आवेश उसना आणता येणार नाही, पण चौघा-पाच जणांचे, एकमेकांची बोली जाणणाऱ्यांचे लहान गट तो करू शकतो. आज बहुधा हजेरीपटाच्या क्रमाने गट पाडले जातात.

राहता राहिला गुणांचा प्रश्न. टिपणाला स्वतंत्र गुण ठेवले की विद्यार्थी परीक्षकाला रुचेल असे आत्मपरीक्षण लिहितो. न ठेवले तर लिहीतच नाही. माझे मत असे की, टिपण सादर करणे सक्तीचे असावे, परंतु गुण द्यावयाचे ते पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्यामधील अंतराला, आणि ते अंतर विद्यार्थ्याला कितपत दाखविता येते याला. यासाठी पहिला खर्डा जपला पाहिजे. विद्यार्थी आता संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर लिहितात. तेथे खोडलेला शब्द मागे खूण ठेवीत नाही. निदान पहिला खर्डा हाताने, शाईने, आणि एकाच रेघेने खोडून लिहावा, म्हणजे रेघेखालचा शब्द वाचता येईल.

असे खर्डे विद्यार्थ्यांच्या संमतीने, नावे झाकून, विभागाने वर्षानुवर्षे जतन केले, तर वाङ्मयाच्या अभ्यासकाइतकेच ते भाषाशास्त्राच्या अभ्यासकालाही उपयोगी पडतील. मराठवाड्याच्या बोलीतले कोणते शब्द लेखनात येता येता परत फिरतात, कोणत्या वर्षी कोणते खोडले जातात, आणि 'वावर' व 'माय' यांच्या शेजारी आणखी कोणते शब्द त्या रेघेखाली सापडतात, याची सूची करण्याचे काम एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगे आहे.